बाकाखालच्या बाटल्या

ओटमारकाकांच्या पाठीवरच्या पिंपातून कधी थेंब सांडला नाही, असं आमच्याकडे अजून म्हणतात. बर्फात, चिखलात, चर्चच्या उतरणीवरच्या गुळगुळीत दगडांवरून ते लाकडी पिंप पाठीला बांधून चालायचे, तेव्हा कमरेच्या वरचा देह दुसऱ्याच कुणाचा असावा इतका स्थिर असायचा. फक्त पाय चालायचे. मी लग्न होऊन या गावात आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, म्हातारा झोपेत चालतोय.

सासूबाई म्हणाल्या, "झोपेत नाही. पाठीवर आहे ते दुसऱ्याचं आहे हे त्याला ठाऊक असतं. स्वतःचं असतं तर एव्हाना सांडलं असतं."

गावाच्या मधोमध, चर्चच्या खालच्या अंगाला गावभट्टी आहे. ती कुणा एकाची नाही. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून ज्याचं त्यानं आणायचं, लाकूडही ज्याचं त्यानं. आल्बान नावाचा भट्टीवाला ते सगळं मोठ्या हंड्यात उकळतो, हॉप्सची कडू फुलं घालतो, आणि रात्रभर पसरट परातीत गार झालेला कडसर गोड रस पहाटे घरोघर जातो. बिअर भट्टीत होत नाही. बिअर घरी होते. प्रत्येक घरच्या तळघरात लाकडी कोठी असते, तिच्यात तो रस ओतून वर खमीर सोडायचं आणि वाट पाहायची. एकाच हंड्यातला रस, एकच खमीर, पण गावातल्या दोन घरांची बिअर सारखी लागत नाही. फ्रँकनमधल्या आमच्या या डोंगराळ पट्ट्यात मुलगी बघायला येणारे लोक आधी त्या घरची बिअर चाखतात, असं म्हणतात. माझ्या माहेरी, खाली नदीकाठी, बिअर खानावळीतून विकत यायची. त्यामुळे मला यातलं काहीच कळत नव्हतं, आणि माझ्या सासूबाई हे चारचौघांत सांगायला विसरत नसत.

ओटमारकाकांना गाव 'टोपलीवाल्यांचा ओटमार' म्हणायचं. त्यांनी आयुष्यात टोपली विणली नव्हती. त्यांच्या पणजोबांनी विणल्या असतील, त्यावरून घराला नाव पडलं आणि घरावरून माणसांना. ते स्वतः वाहायचे. उन्हाळ्यात खाणीतून दगड, पानगळीत बटाटे, हिवाळ्यात भट्टीतून लोकांच्या घरी रस. लोकांच्या दारात पिंप उतरवायचं, तळघरात नेऊन कोठीत रिकामं करायचं, टोपी कपाळावरून जरा मागे सारायची आणि निघायचं. पुढे त्या रसाचं काय होतं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. पुन्हा संबंध यायचा तो बिअर बाटल्यांत भरून झाल्यावर. मग त्या पेट्या उचलून टेकडीत खोदलेल्या भुयारात नेऊन ठेवायच्या. तिथे वर्षभर गारवा असतो. मधलं सगळं बायकांचं. त्यांच्या घरी मधलं सगळं बुर्गामावशीचं.

बुर्गामावशीची बिअर गावात नावाजलेली होती. बाटलीची तारेची खिट्टी अंगठ्यानं वर ढकलली की चिनीमातीचं बूच असं काही वाजायचं की शेजारच्या अंगणातला माणूस मान वर करायचा. फेस पांढरा, दाट, प्याल्याच्या काठावर दोन बोटं उभा. ती त्या फेसात अनामिका बुडवायची, चाखायची आणि मग प्याला नवऱ्यासमोर सरकवायची. बोलणं फारसं नव्हतंच त्या दोघांत. मूलबाळ नव्हतं. पण वर्षातून एकदा, हिवाळ्यात, त्यांच्या घरातून भांडणाचे आवाज यायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "भरल्या वाटतं बाटल्या." मी तेव्हा विचारलं नाही की बाटल्या भरल्यावर भांडण कशाचं.

त्या वर्षी बटाटे काढून झाले आणि बुर्गामावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. एकच शब्द उरला: ते. पाणी हवं असलं तरी 'ते', खिडकी लावायची असली तरी 'ते', आणि कुणाचा राग आला तरी 'ते, ते, ते'. डावा हात तेवढा चालायचा.

काकांनी तिचा पलंग बैठकीच्या खोलीत आणला, कारण मोठी शेगडी तिथे होती. हिरव्या चिनीमातीच्या फरशा लावलेली, छताला टेकलेली, आणि तिच्या भोवती लाकडी बाक. वर्षभर पुरवायचं लाकूड त्यांनी त्या हिवाळ्यात हात न आखडता जाळलं. मी रोज दुपारी सूप घेऊन जायची. दार उघडलं की तोंडावर ऊब यायची. मावशी दोन चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. पुढे पुढे एकच चमचा.

"तुझ्या सूपचा दोष नाही, पोरी," काका म्हणायचे. "तिला दुसऱ्याच्या हातचं कधी आवडलंच नाही."

मग त्यांच्या डोक्यात ते बसलं. घरची बिअर असली तर ती घेईल.

त्यालाही कारण होतं. नाताळानंतर, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण येतो. त्या संध्याकाळी आमच्याकडे वर्षभराची ताकद पितात. दारं लावून, दिवा लावून, घरच्यांनी टेबलाशी बसायचं आणि घरची बिअर प्यायची. जो पीत नाही त्याला ते वर्ष जड जातं. बायकाही पितात, आजारी माणसाच्या ओठांनासुद्धा लावतात. फेस मात्र हवा. फेस नसलेल्या बिअरमधून ताकद येत नाही असं कुणी कुठे सांगितलेलं नाही, पण सगळ्यांना ते माहीत आहे. बुर्गामावशीनं त्या घरात एकही तीन राजे कोरडे जाऊ दिले नव्हते.

भट्टीच्या पाळीसाठी चिठ्ठ्या निघतात, तेव्हा काकांनी चिठ्ठी उचलली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आल्बान म्हणाला, "ओटमार, आमच्यातली घेऊन जा ना या वर्षी. एवढी कोण पिणार तुमच्याकडे?"

"बुर्गा पिणार," काका म्हणाले.

नाताळच्या आधी त्यांनी स्वतःचाच रस स्वतःच्या पाठीवरून घरी नेला. मी खिडकीतून पाहत होते. या वेळीही सांडलं नाही. सासूबाई खिडकीपासून बाजूला झाल्या.

कोठीत खमीर नीट चढलं. काका दिवसातून कितीदा तरी खाली जाऊन पाहायचे आणि वर येऊन बायकोला सांगायचे: आज वर तपकिरी साय आलीय. आज बसत चाललीय. मावशी ऐकायची. तिच्या डोळ्यांवरून कळायचं की तिला सगळं समजतंय. मग बाटल्या भरायचा दिवस आला. त्यांनी बाटल्या धुतल्या, भरल्या, खिट्ट्या लावल्या. सगळं पाहिलेलं होतं, निदान लांबून पाहिलेलं होतं. आणि शेवटची खिट्टी बसताच, जे काम त्यांना जन्मभर येत होतं ते त्यांनी केलं. पेट्या पाठीवर घेतल्या आणि त्याच दुपारी टेकडीतल्या भुयारात नेऊन ठेवल्या. परतले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. "या वर्षी पहिल्यांदा वेळेत गेल्या," ते मला म्हणाले. "दरवर्षी हिच्या टंगळमंगळीत दिवस जायचे."

पलंगावरून आवाज आला, "ते."

"हो, हो, ठेवल्या नीट."

"ते, ते." तिचा डावा हात शेगडीकडे होता.

"थंडी वाजतेय तिला," काका म्हणाले, आणि त्यांनी आणखी दोन ओंडके आत सारले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी भुयारातून एक बाटली आणली. मी तिथेच होते. त्यांनी ती टेबलावर ठेवली, मावशीला उशांच्या आधारानं बसवलं आणि खिट्टी वर ढकलली. आवाज झाला नाही. बूच नुसतं बाजूला झालं, जुन्या पेटीचं झाकण उघडावं तसं. प्याल्यात ओतलेली बिअर रंगानं सुंदर होती, शेवाळी तळ्यातल्या पाण्यावर ऊन पडावं तशी. पण तिच्यात काही हलत नव्हतं. काकांनी प्याला दिव्याजवळ धरला. मग त्यांनी तो मावशीला न देता खिडकीत ठेवून दिला.

"वेळ लागतो कधी कधी," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते सगळ्या गावानं पाहिलं. ते भट्टीत आल्बानकडे गेले. माझा नवरा तिथे होता, त्यानं मला सगळं सांगितलं.

"रबर बघितलंस का?" आल्बाननं विचारलं. "बुचाखालची लाल रबरं. वाळली की त्यातून सगळा जीव निघून जातो."

"नवीन आणली. सगळ्या बाटल्यांना घातली."

"मग सोड्यानं धुतल्या असशील आणि सोडा राहिला असेल."

"तीन पाण्यांतून काढल्या."

"खमीर म्हातारं असेल."

"तुझ्याकडूनच नेलं होतं."

"मग खमीर नाही," तो म्हणाला.

लोक हसले. काकाही हसले, कारण ते लोकांबरोबर हसायचे. खानावळीत ज्यानं त्यानं आपापलं औषध सांगितलं. एक म्हणाला, बाटल्या उलट्या करून ठेव, तळाशी बसलेलं खमीर पुन्हा हलतं. दुसरा म्हणाला, कोठीत फार दिवस राहिली असेल, सगळी गोडी तिथेच खाऊन झाली; प्रत्येक बाटलीत साखरेचा खडा टाक. तिसरा म्हणाला, बुर्गा नाही तर तिच्या बिअरनं तरी कशाला बोलावं. तो पुढे लगेच म्हणाला, "बोलून गेलो रे, ओटमार," आणि काका म्हणाले, "असू दे."

त्यांनी सगळं करून पाहिलं. बादलीभर पाण्यात बाटली उपडी धरून कुठून बुडबुडा निघतो का ते पाहिलं. निघाला नाही, आत काही असतं तर बाहेर आलं असतं. भुयारात जाऊन, कंदील दगडावर ठेवून, एकेक बाटली उलटी केली आणि पुन्हा सुलटी केली. काही बाटल्यांत साखर घातली. चाखून पाहिल्यावर त्या अति गोड लागल्या, तेव्हा उरलेल्या बाटल्यांत घालायची थांबवली. आल्बान स्वतः एकदा टेकडी चढून गेला, घोटभर तोंडात फिरवली आणि म्हणाला, "गोडी आहे हिच्यात. साखर घालायचं कारणच नव्हतं. जेवण वाढलेलं आहे, जेवणारा झोपलाय."

"मग उठवू कसं?"

आल्बाननं भुयाराच्या भिंतीकडे पाहिलं. दगडातून पाणी पाझरत होतं. "जागा तर बरोबर आहे," तो म्हणाला. "सगळ्यांची इथेच असते." त्यालाही हंडा ठाऊक होता, परात ठाऊक होती, आणि भुयार ठाऊक होतं. त्याच्याही घरी मधलं सगळं त्याची बायको करायची.

त्या दिवसांत मावशीचं 'ते' वाढलं होतं. मी सूप घेऊन गेले की ती माझ्याकडे पाहायची आणि डावा हात बाकाकडे न्यायची. काकांना वाटायचं, तिला बाकावर बसायचंय. मग ते तिला उचलायचे. उचलताना त्यांची पाठ तशीच स्थिर असायची, आणि मावशीचं डोकं त्यांच्या खांद्यावर न हलता टेकलेलं. बाकावर बसवलं की ती बाकाच्या कडेवरून हात खाली सोडायची आणि लाकडावर थापटायची. "ते. ते. ते."

"हो, ऊब आहे ना इथे," काका म्हणायचे. "बस थोडी."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते तिच्या तोंडावरचं पाणी बाहीनं पुसायचे आणि मला म्हणायचे, "शेगडीचा धूर जातो तिच्या डोळ्यांत."

शेगडी धूर सोडत नव्हती.

तीन राजांच्या दिवशी मुलं कागदी तारा घेऊन घरोघर गाणी म्हणून गेली. दाराच्या चौकटीवर खडूनं नवीन वर्षाची अक्षरं लिहिली गेली. संध्याकाळी मला सासूबाईंनी केकचा तुकडा देऊन टोपलीवाल्यांकडे पाठवलं. काकांनी टेबलावर धुतलेलं कापड घातलं होतं, स्वतः दाढी केली होती, मावशीचे केस विंचरून वेणी घातली होती. वेणी जरा वाकडी होती. नुकतीच भुयारातून आणलेली बाटली मध्ये होती. ते मला म्हणाले, "बस पोरी. तिघं असलेलं बरं."

त्यांनी बाटली उघडली. पुन्हा तेच. मग त्यांनी उंचावरून, हात वर नेऊन, धार लावून ओतली. वरून ओतल्यावर साध्या पाण्यालाही थोडा फेस येतो. तसा थोडा आला. मावशीपर्यंत प्याला नेईतो तो विरून गेला होता. तिनं प्याल्यात पाहिलं. अनामिका पुढे केली, पृष्ठभागापाशी आणली आणि मागे घेतली. ओठ मिटून घेतले.

"एक घोट, बुर्गा," काका म्हणाले. "ताकदीचा. नुसता ओठाला लाव."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. ते करताना पांघरुणावरची जपमाळ घसरली आणि बाकाखाली गेली.

काका गुडघ्यांवर बसले, मग हातावर, आणि बाकाखाली वाकले. मी दिवा खाली धरला. जपमाळ भिंतीशी पडली होती. पण ते ती उचलेनात. बाकाखालच्या फळ्यांवर गोल डाग होते. एकाशेजारी एक, रांगेनं, शेगडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाटलीच्या बुडाएवढे. वर्षानुवर्षं त्याच जागी ठेवून लाकडात उतरलेले. एका कोपऱ्यात वाळून तडकलेलं लाल रबर पडलं होतं.

ते बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, पाठीत उसण भरली. मी म्हटलं, "काका, मी काढू का?"

"इथे ठेवायची ती," ते खालूनच म्हणाले. "भरल्या की आधी इथे ठेवायची. माझे पाय अडखळायचे. दरवर्षी मी म्हणायचो, उचलू दे मला, भुयारात जागा आहे, इथे वाटेत कशाला. ती म्हणायची, राहू देत. मी म्हणायचो, आळशी आहेस. आठवडा आठवडा भांडायचो मी."

पलंगावरून मावशी म्हणाली, "ते." या वेळी एकदाच, आणि हळू.

त्यांनी कोट चढवला. मी म्हटलं, सण आहे, बाहेर बर्फ आहे, उद्या जा. ते म्हणाले, "ऊब हवी होती तिला. मी सगळी ऊब हिला दिली आणि तिला खडकात टाकलं." ही म्हणजे मावशी आणि ती म्हणजे बिअर, हे मला एक क्षण लागला कळायला. त्या संध्याकाळी सगळं गाव दारं लावून ताकद पीत होतं, आणि ओटमारकाका टेकडीवरून बाटल्या वाहून आणत होते. किती खेपा केल्या मला माहीत नाही. मी मावशीपाशी बसले होते. प्रत्येक खेपेला दार उघडायचं, थंडीचा झोत यायचा, पेटी खाली टेकायची, आणि ते गुडघ्यांवर बसून एकेक बाटली तिच्या डागावर ठेवायचे. मावशी पाहत होती. एक बाटली जरा पुढे आली तर तिनं हातानं खूण केली. त्यांनी मागे सारली.

दुसऱ्या दिवशी आल्बाननं हे ऐकलं तेव्हा त्यानं आधी कपाळावर हात मारला, मग काकांच्या दारात येऊन म्हणाला, "मेणबत्त्यांच्या सणापर्यंत, म्हणजे अजून जवळजवळ महिनाभर, ताकद पिता येते, ओटमार. तीन राजे उंटावरून आले होते. त्यांनाही उशीरच झाला होता."

"असं कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

काकांनी पलंग बाकाच्या अगदी जवळ ओढला. आता मावशीचा डावा हात पलंगावरून खाली सोडला की एका बाटलीच्या मानेवर पडायचा. ती तो तिथेच ठेवायची. सूप ती घेईना, पण तिचं 'ते' थांबलं होतं. खोलीत लाकडाचा आवाज यायचा, कधी शेगडीची फरशी तडतडायची. एका सकाळी मी गेले तर काका बाटली खिडकीशी धरून उभे होते. त्यांनी मला बोलावलं. काचेच्या आत, तळापासून, दोऱ्यासारखी बारीक रेघ वर चढत होती. तुटायची, पुन्हा सुरू व्हायची.

त्यांनी ती बाटली मावशीच्या डोळ्यांसमोर धरली. "दिसतंय का? जागी होतेय."

मावशीच्या तोंडाची डावी कड वर गेली.

"उघडायची का?" मी विचारलं.

"आत्ता नको. आत्ता उघडली तर जेवढं आलंय तेवढं जाईल. रविवारी उघडू." त्यांनी ती परत डागावर ठेवली. "रविवारी, बुर्गा. फेस तुझा."

मावशी रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी गेली. काका शेगडीत लाकूड घालत होते. मागे वळले तेव्हा तिचा हात बाटलीच्या मानेवर होता. त्यांना वाटलं, झोपलीय.

आमच्याकडे माणूस गेलं की शेगडी विझवतात. घड्याळ थांबवतात, आरशावर कापड टाकतात, खिडकी उघडतात, आणि पुरेपर्यंत देह त्याच खोलीत ठेवतात. खोली थंडच राहिली पाहिजे. सासूबाईंना कंबरदुखीनं उंबरा ओलांडणं जमत नसे, पण त्या दिवशी त्या माझ्या खांद्याला धरून आल्या. आम्ही दोघींनी मावशीला आंघोळ घातली, काळा पोशाख चढवला. माणसांनी दोन तिवयांवर फळी टाकून तिला बाकाशेजारी ठेवलं. ते सगळं झाल्यावर सासूबाईंना बाटल्या दिसल्या.

"या इथे ठेवायची होय बुर्गा," त्या म्हणाल्या. "आम्ही पावाच्या भट्टीमागे ठेवतो."

"तुम्हाला माहीत होतं," काका म्हणाले.

"बाईमाणसाला हे माहीतच असतं, ओटमार. तू साऱ्या गावाला विचारत फिरलास म्हणे."

"तुम्हाला नाही विचारलं."

"नाही विचारलंस," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. बाटल्यांकडे बोट करून त्या म्हणाल्या, "त्या आता स्वयंपाकघरात ने. तिथे चूल आहे. इथे खिडकी उघडली की गारठतील, पुन्हा झोपी जातील. गोठल्या तर फुटतील."

काकांनी शेगडीचं दार उघडलं. निखारे राखेत ओढून बाहेर काढले, बादलीत घातले. ते बादली घेऊन बाहेर गेले आणि बर्फात रिकामी करून परत आले. मग त्यांनी खिडकी उघडली.

"ओटमार, ऐकतोयस ना?"

"ऐकलं. पण त्यांच्यावर हात ठेवून गेलीय ती. तिला इथून नेईपर्यंत राहू देत तिच्याजवळ."

"अरे, आत्ता कुठे चढायला लागली होती. सगळं पुन्हा पहिल्यापासून होईल."

"होऊ दे."

सासूबाईंनी मान हलवली. काकांनी मावशीच्या पलंगावरची पिसांची दुलई उचलली. मला वाटलं, घडी घालतील. त्यांनी ती बाकाखाली बाटल्यांवर पांघरली आणि कडा आत खोचल्या.

संध्याकाळी जपासाठी गाव जमलं. बायका कोट न काढता बसल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडातून प्रार्थनेबरोबर वाफ निघत होती. बाकाखालची दुलई सगळ्यांनी पाहिली. आल्बान टोपी हातात धरून दाराशी उभा होता; त्याची नजर दुलईवरून मावशीवर गेली, आणि मग तो जमिनीकडे पाहत राहिला.

तिला नेलं त्या दिवशी खांदा द्यायला माणसं पुरेशी होती, तरी पुढच्या उजव्या बाजूला काकाच होते. उतरणीवर दगड गुळगुळीत झाले होते, एकजण घसरला. शवपेटी त्या कोपऱ्यात हलली नाही.

परत आल्यावर त्यांनी शेगडी पेटवली. थंड पडलेली शेगडी तापायला वेळ लागतो. फरशांना हात लावला तर बराच वेळ त्या दगडासारख्याच लागतात. ते शेगडीसमोर बसून राहिले. मी रोज डोकावायची. कधी ते बाटली उजेडात धरलेले दिसायचे. काही बाटल्या गोठून फुटल्या होत्या. त्यांनी काचा वेचल्या, फळ्या पुसल्या. उरलेल्या पुन्हा हळूहळू चढल्या, पहिल्यापेक्षा हळू. मेणबत्त्यांचा सणही निघून गेला.

मग एका दुपारी, मी अंगणात कपडे वाळत घालत होते, आणि टोपलीवाल्यांच्या घरातून तो आवाज आला. मी मान वर केली. नंतर काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी गेले. ते टेबलाशी बसले होते. समोर प्याला भरलेला, त्यावर फेस, दाट, काठाच्या वर उभा. ते त्याच्याकडे पाहत होते. मी दाराशी थांबले. फेस खाली बसत गेला, मधे खळगा पडला, कडेला पांढरी झालर राहिली. त्यांनी प्याल्याला हात लावला नाही.

"झाली," ते म्हणाले.

"झाली, काका."

त्यांनी ती बिअर स्वतः प्यायली नाही. ज्यांनी ज्यांनी मावशीला खांदा दिला त्यांच्या दारात ते पाठीवर पेटी घेऊन गेले आणि एकेक बाटली ठेवून आले. आमच्याकडे दोन आल्या. सासूबाईंनी फेसात बोट बुडवलं, चाखलं. "बुर्गाची नाही," त्या म्हणाल्या. मग प्याला पूर्ण संपवला.

पुढच्या वर्षी पाळीच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा काका चिठ्ठी उचलायला उठून उभे राहिले नाहीत. नंतर कधीच राहिले नाहीत. वाहायचं काम मात्र चालू ठेवलं. पहिल्या पाळीत आमचं नाव होतं. पहाटे ते आले, पिंप तळघरात नेलं, कोठीत रिकामं केलं. मी कंदील धरून उभी होते. सासूबाईंनी त्या वर्षीपासून बिअरचं काम माझ्या हाती दिलं होतं. काकांनी टोपी मागे सारली. आता निघतील म्हणून मी बाजूला झाले. ते निघाले नाहीत.

"मग आता पुढे काय करता?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलं नाही. मग मी सांगितलं. खमीर कधी सोडायचं, साय कशी दिसायला हवी, बाटल्या कधी भरायच्या. भरल्यावर पावाच्या भट्टीमागे, भिंतीला लागून ठेवायच्या.

"भिंतीला लागून?"

"अगदी लागून नाही. हात जाईल एवढी जागा सोडून."

"आणि किती दिवस ठेवता तिथे?"

"सासूबाई म्हणतात, एक उघडून बघावी. बूच बोललं की सगळ्या भुयारात न्याव्यात."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दारी गेले तिथेही त्यांनी हेच विचारलं, आणि तिसऱ्या दारीही. त्या हिवाळ्यात गावातल्या प्रत्येक बाईनं तळघरात कंदील धरून ओटमारकाकांना मधलं सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मग रिकामं पिंप पाठीवर चढवायचे आणि उतरणीवरून, ते भरलेलं असावं तसे, पाठ न हलवता चालत जायचे.